कडेवरची कळी

कर्जत,
रविवार, ता. २४ जून १९७३

चि. सौ. चांगुणास,

सहादूमामाचा आशीर्वाद. तू आणि तुझ्या भावाच्या, जालिंदरच्या घरची सगळी धडधाकट असाल. माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण जुन्या दाराच्या बिजागऱ्या वाजायच्याच.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हे पत्र तुझं तूच वाचावंस, भावजयीच्या पोराकडून वाचून घेऊ नयेस. येईल तुला वाचता. प्रयोगशाळेतली फडताळं पुसता पुसता, बाटल्यांवरची लेबलं बघत तू अक्षरं शिकलीस. दुनियेची पोरं गमभनपासून सुरू करतात, तू ‘विष’पासून केलंस. मी हसलो तर म्हणालीस, "हसू नगा मामा. जे प्यायचं न्हाई ते आधी वाचता आलं पायजे." एवढं शहाणपण आमच्या हेडमास्तरांच्या वर्षभराच्या भाषणांत मिळून नसतं.

इकडची खबर अशी. शाळा अकरा तारखेला उघडली. टँकर बंद झालाय. शाळेच्या विहिरीला पुरुषभर पाणी आलंय. गढूळ आहे, पण आपलं आहे. पाणी भरायच्या तुझ्या जागेवर अजून कुणाला घेतलेलं नाही, घागरी मीच ओढतो. माझे आता पाच आठवडे उरले. एकतीस जुलैला घंटेची दोरी आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या देऊन मोकळा. शाल-नारळ द्यायचं चाललंय म्हणे. पोरं माझ्यावर गाणं बसवतायत. ते ऐकलं की अंगावर काटा येतो, आणि तो कौतुकाचा नाही.

अजून एक. मी चहा सोडला. तुला खरं वाटणार नाही. ज्या माणसाची किटली दिवसातून पाच वेळा चुलीवर चढायची, त्यानं फेब्रुवारीपासून घोट घेतलेला नाही. लोक विचारतात, वैद्यानं बंद केला का? मी हो म्हणतो.

आता कामाचं लिहितो.

(मध्येच उठून खिडकी लावून आलो. वाऱ्यानं कागद उडत होता. खरं म्हणजे वारा काही फार नव्हता.)

राधाकृष्ण सरांना हायड्रा पाहिजे. नववीला तिचा धडा आहे, आणि तिचं काचेचं भांडं फेब्रुवारीपासून पालथं पडलंय. सर दोन रविवार डबक्याडबक्यांतून फिरले, शेवाळ आणून भिंगाखाली बघितलं. एक सापडली नाही. तीन वर्षं पाण्यानं तोंड फिरवलं, तिथं ही सुताएवढी जीव धरून कुठं बसणार?

सरांनी पहिली आणली तेव्हा ती एकटीच होती, आठवतं? अर्ध्या बोटाच्या पेराएवढी, काचेला पायानं चिकटलेली, डोक्यावर सहा-सात धाग्यांचा झुबका. तू फडकं हातात घेऊन उभी होतीस. मी भिंग तुझ्या हातात दिलं.

"मामा, हिच्या कडंवर काय हाय?"

"लेकरू."

"ह्यो फोड हाय."

"आज फोड. परवा बघ."

परवा तू घागर खाली ठेवायच्या आधी भिंग उचललंस. फोडाला आपलं आपलं डोकं आलं होतं, डोक्यावर इवले इवले धागे.

"ह्याचा बाप कुठाय?"

"हिला बाप लागत न्हाई. हिच्या अंगालाच कळी फुटती, आन कळीचं लेकरू हुतं."

"मग सासू?"

"सासूबी न्हाई."

"लई सुखी हाय की हो!"

मागं राधाकृष्ण सर कधी येऊन उभे राहिले होते ते आपल्याला कळलंच नव्हतं. असे हसले की डोळे पुसावे लागले त्यांना. पाचव्या दिवशी ते लेकरू आईच्या कडेवरून सुटलं आणि शेजारी जाऊन आपल्या पायावर उभं राहिलं. तू पदराच्या गाठीतून गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवलास. सर म्हणाले, हे काय? तू म्हणालीस, "बारसं." लग्नाला नऊ वर्षं झाली, तुझ्या घरी पाळणा हलला नव्हता हे सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी गूळ तोंडात धरून बसलो, चावलाच नाही.

त्या एकीच्या दिवाळीपर्यंत साठ-सत्तर झाल्या. आपण तालुक्यातल्या दोन शाळांना आंदण दिल्यासारख्या दिल्या. त्यांच्याकडच्याही पुढं वाळल्या.

तर मुद्दा असा, की एक बाटली तुझ्याकडं आहे. दचकू नकोस. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तू रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटलीत एक काढून घेतलीस आणि बाटली चुंबळीत गुंडाळून नेलीस. मी बघितलं. मग पाठ फिरवली आणि पुसलेलीच नळी परत पुसत बसलो. कुणाला बोललो नाही. ती अजून जगली असेल, तर तिची एखादी कळी तेवढी पाठव. पारनेरच्या एसटीच्या कंडक्टरकडं देशील तर इकडं स्टँडवर मी घेईन.

फेब्रुवारीत जे झालं त्याबद्दल काय लिहू. भांड्यातल्या सगळ्या एका दिवसात गेल्या. हेडमास्तरांनी तुला काढलं. वांझेच्या हातानं पाण्यातले जीव मेले असं गावात झालं, आणि आठ दिवसांत तुझ्या सासूनं, बनुबाईनं, तुला माहेरी धाडलं. तुझा नवरा गोरक्ष दाराआड उभा राहिला. मी त्या दिवशी स्टँडवर आलो होतो. तू बघितलं नाहीस. मी हॉटेलाच्या आडोशाला होतो.

पुढं लिहायचं होतं, पण टपालाची पेटी उघडायची वेळ झाली. आज रविवार आहे हे मला ठाऊक आहे.

तुझा
सहादूमामा

⁂

ता. २ जुलै १९७३

सहादूमामास चांगुणाचा नमस्कार.

पत्र मिळालं. माझं मी वाचलं. दोन दिस लागले.

बाटली हाय. मी चोरली. तुमी बगितलं हुतं हे ठाव नव्हतं. बाटलीवर कोळशानं विष असं लिवलंय म्हनून भावजय हात लावत न्हाई. आता आकरा हाईत. तळ्याच्या मातीकामावर जाते तितं डबक्यात बारीक पिसवा हाईत. त्या पदरानं गाळून आनते आन त्यास्नी घालते.

पन मी देनार न्हाई. तुमाला येक सांगायचं राहिलं. मी नेली ती समद्यांत थोरली हुती. आई नेली म्हनून मागची पोरकी झाली आन महिन्यात मेली. सासूबाई म्हनल्या ते खोटं न्हाई. माझा हात लागला तो असा. मास्तरांनी काढलं ते बरूबर केलं. तुमी माझी बाजू घेतली आसंल, ती फुकट गेली. माफी करा.

ह्या आकरा माझ्या हातनं दुसरीकडं देनार न्हाई. परत मरतील.

चांगुणा

⁂

कर्जत,
रविवार, ता. ८ जुलै १९७३

चांगुणा,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला. आधी हे सगळं वाच. मग माझ्याकडून आशीर्वाद घ्यायचा का नाही ते तूच ठरव.

तुझं कार्ड बुधवारी आलं. तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. फाटकापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून फाटकापर्यंत. गुरुवारी तिसऱ्या तासाची घंटा द्यायची विसरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. ‘तुमी माझी बाजू घेतली आसंल.’ तुझी ही ओळ पायात मोडलेल्या काट्यासारखी आहे. पाऊल टाकलं की सलते, उचललं तरी सलते.

मी तुझी बाजू घेतली नाही, चांगुणा.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला रांजण तुला माहीत आहे. विहीर आटायच्या आधी राधाकृष्ण सरांनी तिचं शेवटचं नितळ पाणी त्यात भरून ठेवलं होतं. वर फडकं बांधलं आणि पाटी लावली: ‘हायड्राचे पाणी. हात लावू नये.’ टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकलेली असते, ती या जिवाला सोसत नाही, हे त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

आता ऐक. टँकरच्या पाण्याचा चहा मला घशाखाली उतरेना. दूध घातलं तरी पावडरचा वास. दोन दिवस ओढून काढले. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं आणि रांजणातलं तांब्याभर पाणी किटलीत ओतलं. काय चहा झाला म्हणून सांगू! मग रोज एक तांब्या. पाणी खाली गेलेलं सरांना दिसू नये, म्हणून वरून टँकरचं तांब्याभर ओतायचो. मनाला सांगायचो, पाणी ते पाणी, समुद्रात लोटा. हायड्रांना काही होत नव्हतं, त्यामुळं मी धीट झालो.

मग फेब्रुवारीत तपासणीचे साहेब आले. बरोबर चार माणसं. हेडमास्तर म्हणाले, "सहादू, चहा असा कर की साहेबांनी नाव काढलं पाहिजे." मी अख्खी घागर रांजणातून उपसली. साहेबांनी नाव काढलं. दोनदा चहा मागितला. मी छाती फुगवून कप गोळा केले आणि रांजण टँकरच्या पाण्यानं भरून टाकला. त्या आठवड्यात पटकीच्या भीतीनं टँकरात पावडर मुठी-मुठीनं टाकलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी नेहमीसारखं त्या रांजणातलं पाणी भांड्यात बदललं. सर्दी झाली होती त्यांना, वास आला नाही. दुपारी सगळ्या हायड्रा धागे आत ओढून मोहरीएवढ्या झाल्या. संध्याकाळी काचेवरून सुटून तळाला पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी तळाला नुसता पांढरा गाळ. ज्यांच्या कडेवर लेकरं होती त्या लेकरांसकट.

मला त्याच संध्याकाळी कळलं. कुणी यायच्या आत मी रांजण अंगणात नेऊन पालथा घातला.

यापुढचं लिहिताना हात थांबतो. थांबला तरी लिहिणार आहे.

हेडमास्तरांनी सगळ्यांना उभं केलं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, तू दाराशी घागरीला टेकून उभी होतीस. हेडमास्तरांनी विचारलं, "रांजणाला हात कोण लावतं?" मी एवढंच म्हणालो, "पाणी चांगुणाबाई भरते."

शब्द खोटा नव्हता. म्हणून तर चार महिने तो मला चघळता आला. पण त्या शब्दानं तुझी भाकरी गेली, तुझ्या कपाळी ते घाणेरडं नाव चिकटलं आणि तुझं घर गेलं. तू माझ्याकडं बघितलंस. मामा पुढं काहीतरी बोलतील असं तुझ्या तोंडावर होतं. मामा पुढं बोलले नाहीत. मामांना शाल-नारळ दिसत होता.

आता तुझ्या थोरलीचं.

कार्ड वाचलं आणि सरांचं पुस्तक काढून तो धडा पुन्हा वाचला, तुला सांगताना चूक व्हायला नको म्हणून. ऐक. कळी अंगाला असते तोवर आईचं आणि तिचं पोट एकच असतं. आई खाते, ते तिच्याही पोटात उतरतं. मग कळीला आपलं तोंड येतं, हात येतात, आणि बुडाशी ती बारीक होत होत मिटते. तिकडं आईचीही जागा भरून येते, व्रणसुद्धा राहत नाही. एकदा सुटली की ती पुरी झाली. तिला आई लागत नाही, आईला ती लागत नाही. थोरली आणि धाकटी हे आपण म्हणायचं, त्यांच्यात ते नाही. गाय नेली तर वासरू हंबरतं. इथं तू थोरली नेलीस हे मागच्या एकीलाही कळलं नसणार. ती पोरकी झाली नव्हती, चांगुणा. ती महिनाभर मजेत खात-पीत होती, कळ्या धरत होती. मग मी पाणी ओतलं.

तू चोरली म्हणून ती वाचली. नाहीतर तीही तळाला गाळात असती.

आणि पुस्तकात अजून एक ओळ आहे. पोट भरलेलं असलं तरच हायड्रा कळी धरते. उपाशी ठेवली तर धरत नाही. एकीच्या अकरा झाल्या याचा अर्थ एकच, कुणीतरी त्यांना पोटभर घातलंय. असल्या वर्षात, दिवसभर माती वाहून, पदरानं पिसवा गाळून. हा वांझ हात असेल, तर शहाण्यांनी हाताची व्याख्या बदलावी.

परवा, शुक्रवारी, मी हे सगळं कागदावर लिहून हेडमास्तरांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, घातला.

"सहादू, तीन आठवडे राहिले तुझे. कशाला उकरतोस?"

"पुरलंय ते जितं हाय साहेब."

ते म्हणाले, कागद खिशात घाल. मी घातला नाही. म्हणालो, प्रार्थनेला वाचा, नाहीतर मी वाचतो. शेवटी काल मीच वाचला. साडेतीनशे पोरं. राधाकृष्ण सर पुढं आले, माझ्याकडून प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली आणि गेले. मागून शिपायांच्या खोलीत आले आणि एवढंच म्हणाले, "तिची जागा तिची आहे. मी हेडमास्तरांना लिहून दिलंय." हेडमास्तर ‘बघू’ म्हणालेत. तुला खोटी आशा लावत नाही, ते ‘बघू’च म्हणालेत.

शाळेतून तडक तुझ्या सासरी गेलो. बनुबाई दाणे पाखडत होती. उभ्यानंच सांगितलं. सूप हातातच राहिलं तिच्या.

"चहापायी? मेल्या, चहापायी?"

"व्हय."

"आन मी आळीत घरोघर सांगत फिरले! देवीपुढं नाव घिऊन बोलले तिचं!" मग सूप आपटलं. "तुज्या तोंडाला आग लागू दे. आन माज्याबी."

गोरक्ष बैलांपाशी होता. सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, ती यील का?"

मी म्हणालो, "मला इचारू नगंस. मी कोन? आन तिला इचारायचं आसंल तर दाराआडनं इचारू नगंस."

तो माझ्याबरोबर तुझ्याकडं यायला निघाला होता. मीच नको म्हटलं. त्याचं त्यानं मागून यावं. आधी माझं आहे. तू त्याच्याकडं परत जावंस असं मी सांगत नाही, जाऊ नकोस असंही नाही. एवढंच, की जे ठरवशील ते ‘माझ्या हातानं मेली’ हे डोक्यातून काढून ठरव.

येत्या रविवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या एसटीनं मी निघतो. राळेगणसिद्धीपासून जालिंदरची वस्ती चालत गाठीन, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. बरोबर काचेची बरणी आणतोय. त्यात शाळेच्या विहिरीचं नवं पाणी आहे, तीन दिवस निवळत ठेवलेलं. त्यातला थेंब मी चाखलेला नाही.

हायड्रा मी काढून घेणार नाही. मी बाटलीला हात लावणार नाही. तुला वाटलं तर तुझ्या हातानं एक उचल आणि या पाण्यात सोड. मग मी रात्रीपर्यंत तिथंच ओट्यावर बसेन. तू बघ. ती धागे पसरते का आखडते ते तुझ्या डोळ्यांनी बघ. पुस्तकावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर तर मुळीच नको.

नाही वाटलं, तर देऊ नकोस. बरणी रिकामी परत नेईन आणि प्रयोगशाळेत तशीच ठेवीन. पोरांनी विचारलं ही रिकामी का, तर सांगेन.

पत्राखाली ‘तुझा मामा’ लिहायचा हक्क तू परत देईपर्यंत जे खरं आहे तेच लिहितो.

रांजणात टँकरचं पाणी ओतणारा,
सहादू भिमाजी, शिपाई